वरून दिसणारी जमीन

जिवल्या मोजणीची साखळी धरायचा. अकरा वर्षं तो हेच काम करत होता. दिवाळीनंतर मोजणी सुरू झाली की कचेरीतून बोलावणं यायचं, आणि पावसाच्या तोंडावर ‘आता जा घरी’ म्हटलं की तो घरी यायचा. कागदावर तो हंगामी होता. पण बोईसरच्या आसपासचा असा एक बांध नव्हता, ज्यावर जिवल्याच्या टाचा उमटल्या नव्हत्या.

साखळी तेहतीस फुटांची. लोखंडाच्या कड्यांची, आणि मधे मधे पितळेच्या बिल्ल्या लावून तिचे सोळा आणे पाडलेले. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. एवढं गणित जिवल्याला तोंडपाठ होतं. अक्षर मात्र एक येत नव्हतं. नकाशा तो अक्षरांशिवाय वाचायचा, जसं एखाद्याचं तोंड वाचावं तसं. कागदाची गुंडाळी उघडली की तो लांबून सांगायचा, ‘सायेब, हा कुंभवलीचा. हा वहाळ इथं असाच वाकडा हाय.’ आणि ते बरोबर निघायचं.

त्याला हे शिकवलं नागोराव नावाच्या म्हाताऱ्या मोजणीदारानं. नागोराव मराठवाड्यातला, बोलायला तुसडा, पण साखळीच्या बाबतीत देवभोळा. पहिल्याच वर्षी त्यानं जिवल्याला एका डोंगरउतारावर उभं केलं आणि विचारलं, “घार बघितलीस का रे?”

“बघितली.”

“घारीला डोंगर कसा दिसत असेल?”

 जिवल्यानं कधी असा विचारच केला नव्हता.

“सपाट दिसतो,” नागोराव म्हणाला. “सरकारचा नकाशा म्हणजे घारीचा डोळा. म्हणून उतारावर साखळी जमिनीवर टाकायची नाही. आडवी, पाण्यासारखी सपाट धरायची. वरच्यानं टोक मातीला टेकवायचं, खालच्यानं आपलं टोक छातीपर्यंत उचलायचं आणि हातातून दगड सोडायचा. दगड पडला तिथं खूण. चार-चार आण्यांच्या पायऱ्या पाडत खाली उतरायचं. वेळ लागतो. लागू दे.”

त्या रात्रीपासून जिवल्याला एक स्वप्न पडू लागलं. आपण वर आहोत, हात पसरलेले आहेत, खाली सगळा मुलूख पसरला आहे. चिंचणीची खाडी चांदीच्या तारेसारखी, तारापूरचे दीपगृहासारखे दिसणारे माड, आणि डोंगर मात्र नाहीतच. डोंगर विरघळून गेलेत. भाताची खाचरं, नाचणीची वरकस, गवताळ कुरणं सगळी एकाच पातळीवर, भाकरीसारखी थापलेली. गवताचा व्यापार करणाऱ्या देवूशेठचं कुरण आणि बहिणीची, नवसीची, वरी एकाच उंचीवर. त्या उंचीवरून कोण मोठा कोण लहान ते कळतच नव्हतं. जाग आल्यावर जिवल्या बराच वेळ पडून राहायचा. खाली उतरायला त्याचा जीव व्हायचा नाही.

नवसी ही त्याची धाकटी बहीण, नवरा वारलेली. ती शेलटीपाड्यात राहायची, डोंगराच्या पायथ्याशी. पाड्यात बारा घरं. बाराही घरं डोंगरावर नाचणी-वरी करायची, आणि डोंगर जिथं संपतो तिथं वहाळाच्या काठी एक सपाटी होती, तिच्यावर भात लावायची. सपाटी सगळ्यांची. जूनमध्ये बाराही घरांची रोपं तिथंच वाढायची आणि आवणीला, रोपं लावायला, बाराही घरं एका ओळीत वाकायची. संक्रांतीपर्यंत तिथली माती ओली असायची. डोंगरावर जे पिकायचं त्यानं पोट टेकायचं, सपाटीवर जे पिकायचं त्यानं भरायचं.

पण जमीन त्यांच्या नावावर नव्हती. दर वर्षी नवा परवाना. दर वर्षी कोणाच्या तरी दारात कोंबडी घेऊन उभं राहणं. सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात मात्र हुकूम आला, की शेलटीपाड्यातल्या कसणाऱ्यांना घरटी दोन एकर कायमचे द्यायचे. मोजून, खुंट्या मारून, नावं लावून. उरलेली जमीन ‘शिल्लक’ म्हणून दाखवायची.

हुकूम ऐकून नवसी म्हणाली, “दादा, आता कोंबड्यांना म्हातारपण येईल बघ.”

मोजणीला आलेला साहेब नवा होता. चंद्रभान त्याचं नाव. नगरकडचा, सव्वीस-सत्तावीसचा, नाकावरचा चष्मा घामानं सारखा घसरणारा. बोईसरला त्याला खोली मिळेना, कारण तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावर परगावची एवढी माणसं आली होती, की गोठेसुद्धा भाड्यानं गेले होते. मग देवूशेठनं आपल्या गवताच्या वखारीमागची खोली त्याला दिली. भाडं घेतलं नाही.

देवूशेठचं सगळं आधी गवतावर होतं. गवताच्या गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचा. पुढं तो तालुक्याच्या सभेवर निवडून आला आणि त्याला कळलं, की गवतापेक्षा सह्यांना भाव जास्त असतो. आता वीजघराची वसाहत उभी राहत होती. वसाहतीला विटा लागत होत्या. विटांना चिकट माती आणि बारा महिने पाणी लागतं. ते जिथं होतं, ती जागा शेठनं हेरून ठेवली होती.

मोजणीच्या आदल्या दिवशी शेठ जिवल्याला वखारीत बोलावून म्हणाला, “जिवल्या, किती वर्षं हंगामी राहणार? तुझं यंदा पक्कं करतो. खाकी कपडे, बारमाही पगार, म्हातारपणी पेन्शन. यादी माझ्या शिफारशीनं जाते.”

 जिवल्यानं हात जोडले.

“बाकी काय नाय,” शेठ म्हणाला. “साहेब सांगतील तशी साखळी टाकायची. जून तोंडावर आलाय. तुझ्या त्या पायऱ्या-बियऱ्या पाडत बसू नको.”

जिवल्याला वाटलं, घाई आहे म्हणून सांगत असेल. निदान त्यानं स्वतःला तसं वाटू दिलं.

मोजणी वरून, डोंगराच्या माथ्यापासून सुरू झाली. प्रत्येक दोन एकरांचा तुकडा दहा साखळ्या रुंद आणि आठ साखळ्या उताराकडं. एका ओळीत तीन तुकडे, अशा खाली उतरत चार ओळी. जिवल्या पुढच्या टोकाला, पाड्यातला बुधा मागच्या टोकाला. जिवल्यानं सवयीनं आपलं टोक छातीपर्यंत उचललं.

“खाली ठेव,” चंद्रभान म्हणाला.

“सायेब, उतार हाय.”

“दिसतंय मला. खाली ठेव.”

जिवल्या उभाच राहिला. तेवढ्यात पाड्याचा जाणता म्हातारा सुका मधे पडला. हातातली काठी आपटून तो म्हणाला, “सायेब बराबर सांगतो. साखळी भुईला लागली पायजे. हा वर कशाला धरतोय? हवेत आमी काय नाचणी पेरायची?”

सगळा पाडा हसला. बायकाही हसल्या. सुकाला अजून जोर चढला. “मागं त्या करवंदपाड्याला अशीच हवेत मोजली. लोकांना हवाच मिळाली. आमाला पायाखालची माती मोजून द्या. जेवढी पायानं चालतो तेवढी जमीन.”

“ऐकलंस?” चंद्रभान जिवल्याकडं न बघता म्हणाला. “त्यांनाच पाहिजे तशी.”

जिवल्यानं साखळी खाली ठेवली. लोखंड तापलेल्या मुरमावर टेकलं तेव्हा त्याच्या बोटांना ते जड लागलं. दिवसभर तो तसाच उतरत राहिला. वाकायचं, ताणायचं, खिळा मारायचा, पुढं जायचं. काम भराभर झालं. संध्याकाळपर्यंत वरच्या दोन ओळी संपल्या. पाड्यानं त्याचं कौतुक केलं. पाड्यातल्या ठमीआतेनं त्याला ताडी दिली. “आपला माणूस साखळीला हाय म्हणून मातीला टेकवून मोजली,” ती सगळ्यांना सांगत होती.

जिवल्यानं ताडी बुधाकडं सरकवली.

निघताना चंद्रभाननं नकाशाची गुंडाळी त्याच्याकडं दिली, पिशवीत ठेवायला. कागद वाकडा गुंडाळला गेला होता म्हणून जिवल्यानं तो सारखा करायला उघडला. डोंगर अजून कोरा होता. तुकडे आखायचे होते. पण खाली वहाळाच्या काठाची पट्टी आधीच लाल रंगानं भरलेली होती. तीन साखळ्या रुंद, तीस साखळ्या लांब. सपाटी.

मोजणी अर्धी राहिली होती, आणि शिल्लक काय उरणार ते कागदाला ठाऊक होतं.

जिवल्यानं कागद गुंडाळला. पिशवीत ठेवला. खाकी कपडे त्याच्या डोळ्यांपुढं होते, आणि ते त्याला फार आवडले होते हे खोटं कशाला सांगायचं? त्यातला खिसासुद्धा त्यानं मनात बघून ठेवला होता.

पहाटे त्याला पुन्हा ते स्वप्न पडलं. तो वर होता, हात पसरलेले. खाली भाकरीसारखा मुलूख. पण या खेपेला डोंगर विरघळत नव्हता. तो सुरकुत्या पडलेल्या धोतरासारखा गोळा होत होता, आणि त्याच्या घड्यांमध्ये पाड्यातली बारा घरं अडकली होती. जितकं धोतर गोळा होई, तितका खाली वहाळाशी मोकळा पट्टा वाढत जाई. त्या पट्ट्यावर भात नव्हतं, माणूस नव्हतं. नुसत्या विटा, ओळीनं, वाळत घातलेल्या. जिवल्या वरून ओरडत होता आणि घारीला ओरडता येतं तेवढंच त्याला येत होतं.

तो उठला तेव्हा झाडांवर दव नव्हतं, मे महिना होता. दूर तारापूरच्या बाजूला बांधकामाचे दिवे उजाडलं तरी विझले नव्हते. एवढा उजेड सरकार करणार, त्याला वाटलं. हुकूमही चांगलाच होता की. वरून निघताना सगळं चांगलंच निघतं. मधल्या हातांत त्याची घडी पडते, आणि खाली येईपर्यंत आखूड होतं.

दुसऱ्या दिवशी तिसरी ओळ झाली. ऊन डोक्यावर आलं तसे सगळे खाली सपाटीवर आंब्याच्या सावलीला आले. देवूशेठही मोटरसायकलीवर आला होता, साहेबासाठी ताक घेऊन. ते दिवस असे होते, की भर दुपारी माणसाची सावली पायाखाली जाऊन बसते, अंगाबाहेर सांडत नाही.

जिवल्या भाकर न खाता उठला. आंब्याला टेकवलेला एक लांब, सरळ बांबू त्यानं घेतला आणि उन्हात जाऊन सपाट, झाडलेल्या जमिनीवर आडवा ठेवला. दोन्ही टोकांना एकेक दगड लावला.

“काय रं, घर बांधतोस काय?” बुधानं विचारलं.

“तू ये. हे टोक खांद्यावर घे.”

बुधानं बांबूचं एक टोक खांद्यावर घेतलं. दुसरं जागच्या जागी राहिलं. बांबू तिरपा झाला. खाली त्याची सावली पडली, बारीक काळी रेघ. जिवल्यानं रेघेच्या टोकाला तिसरा दगड ठेवला. उचललेल्या टोकाच्या आधीच्या दगडापासून तो चांगला हातभर आत आला होता.

“सुकाबा, इकडं या,” जिवल्या म्हणाला. “बांबू तोच हाय ना?”

“तोच.”

“मग सावली आखूड कशी?”

“बांबू उचलला म्हणून. पोराला पण कळतं.”

“डोंगर म्हणजे उचललेला बांबू. सरकार वरून बघतं, सूर्यासारखं. कागदावर लिहितात ती ही सावली. दोन एकर म्हणजे दोन एकर सावली. आमी बांबू मोजला, तुमी हसलात. तुमाला दोन एकर लिहिणार, आणि सावली देणार पावणेदोनाच्या जरा वर.”

सुका बांबूकडं बघत राहिला.  “पण माती तर पायाखालीच हाय. माती थोडीच सावलीत पिकते?”

उत्तर ठमीआतेनं दिलं. ती आंब्याखालून न उठताच बोलली. “सुका, नाचणी डोंगराला टेकून वाढते काय रं? सरळ वरच जाते ना? तिला वरूनच ऊन लागतं. मग दाटीनं लावलीस तर चिपाडच येणार. एवढी वर्षं डोंगर कसतोस आणि एवढं ठावं नाय?”

कुणी हसलं नाही.

“किती जाते?” नवसीनं विचारलं. ती जवळ आली होती.

जिवल्यानं हात करून पायाखालची जमीन दाखवली. आंब्यापासून वहाळापर्यंत. “ही. आख्खी सपाटी. साखळी आडवी धरली तर शेवटची ओळ वहाळाला लागते. भुईवर टाकली तर डोंगराच्या पायाशीच संपते. कागदावर लाल रंग कालच दिलेला हाय.”

देवूशेठ उठला. त्याचा आवाज मात्र चढला नाही. “जिवल्या, ऊन लागलंय तुला. अंगठे कालच झालेत सगळ्यांचे. साहेब, चला, शेवटची ओळ उरका.”

“अंगठे?” नवसी म्हणाली. “ते तर हजेरीचे म्हणून घेतले.”

“कागद एकच असतो गं.”

“मग शेठ, हजेरी लावायला आमी आज पण हाय.” ती सपाटीच्या मधोमध जाऊन बसली. ठमीआते तिच्याशेजारी. मग बुधा, बांबू टाकून. मग एकेक करत बाराही घरं, पोरांसकट, कुत्र्यांसकट. सुका सगळ्यांत शेवटी बसला. बसताना गुडघे मोडून कण्हला आणि म्हणाला, “च्यायला, माझीच जीभ नडली.”

शेठ जिवल्याकडं वळला. “यादी परवा जायची हाय. तुझं नाव आहे त्यात. आज संध्याकाळपर्यंत.”

जिवल्याला वाटलं होतं, हे ऐकल्यावर छातीत काहीतरी तुटेल. तसं झालं नाही. नुसतं हलकं वाटलं, रिकामी साखळी खांद्यावर टाकल्यासारखं. तो चंद्रभानपाशी गेला.

“सायेब, तुमच्या पुस्तकात काय लिवलंय? उतारावर साखळी कशी धरायची?”

चंद्रभाननं चष्मा काढून सदऱ्यानं पुसला.  “आडवी,” तो म्हणाला.

“मग धरू?”

“तीन दिवस जातील.”

“चार जाऊ द्या. लोक बसलेत. त्यांना काय घाई हाय?”

“अरे बाबा, माझी खोली, माझी बदली...”  शेठकडं चंद्रभाननं एकदा बघितलं, मग त्या चाळीस-पन्नास माणसांकडं. कुणी ओरडत नव्हतं, कुणी शिव्या देत नव्हतं. ती नुसती बघत होती, आणि त्यांच्यासमोर त्याला पुस्तकाबाहेरचं काही करता येईना. आजवर त्याच्या मोजणीकडं कुणी असं बघितलंच नव्हतं. “वरून सुरू कर,” तो शेवटी म्हणाला. “पहिल्या ओळीपासून. जुन्या खुंट्या उपट.”

मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. ताकाचा तांब्या तिथंच राहिला. पोरांनी तो संपवला.

मोजायला चार दिवस लागले. जिवल्या छातीशी साखळी धरून दगड सोडायचा आणि सगळा पाडा तोंडानं मोजायचा, “एक... दोन... तीन...” बायका मोजत होत्या, पोरं मोजत होती. सुका प्रत्येक दगडामागं वाकून बघायचा, सरळ पडला की नाही. चौथ्या दिवशी शेवटची साखळी वहाळाच्या पाण्यात टेकली आणि बुधा मुद्दाम घसरून पाण्यात पडला.

त्या संध्याकाळी चंद्रभान दगडावर बसून आकडे लिहीत होता. जिवल्या बाजूला कड्यांमधली माती काढत होता.

“तुझं नाव काढलं यादीतून,” चंद्रभान म्हणाला. “सकाळीच निरोप आला. पुढच्या हंगामाला पण बोलावणार नाहीत. मी काही करू शकत नाही, जिवल्या.”

“ठावं हाय.”

“तुला राग नाही आला?”

जिवल्यानं विचार केला. “येतो ना. खाकीचा लय शौक होता. पण सायेब, एक सांगू? साखळी धरणारा माणूस शेठच्या चिठ्ठीवर पोट भरतो, तवर साखळी ढिलीच राहणार. तुमची पण खोली शेठची. मग तुमी तरी काय करणार? तुमाला सरकारनं राहायला खोली द्यावी. मोजणी लोकांपुढं व्हावी. आणि नकाशा आधी पाड्यात टांगावा, पंधरा दिवस. ज्याला बघायचा त्यानं बघावा, बोट लावून विचारावं, ‘हे काय?’ मग कचेरीत न्यावा. मग अंगठा.”

“त्यांना नकाशा कळणार आहे का?”

“मला कळतो ना. मला कुठं वाचता येतं?”

चंद्रभान हसला, पण वही त्यानं मिटली नाही. थोड्या वेळानं कार्बनखालचा एक कागद फाडून त्यानं जिवल्याला दिला. कच्चा नकाशा, रंग नसलेला. “हा द्यायचा नसतो,” तो म्हणाला. “हरवला म्हणून सांगेन.”

नकाशा नवसीच्या कुडाच्या भिंतीवर लागला, तांदळाच्या पिठीनं काढलेल्या जुन्या लग्नाच्या चौकाशेजारी. पाडा रोज बघायला यायचा. ठमीआतेनं पहिल्यांदा विचारलं, “माझं घर कुठं?” जिवल्यानं ठिपका दाखवला. “एवढंसं?” ती हिरमुसली. मग म्हणाली, “आन शेठची वखार?” ती या कागदावर नव्हतीच, पण जिवल्यानं नखाएवढी जागा दाखवून सांगितलं, की असती तर एवढी. ठमीआते दोन्हीकडं आळीपाळीनं बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू एखाद्या पोरीसारखा होत गेला. “म्हणजे वरून तोपण एवढुसाच,” ती म्हणाली.

नवसी भाकरी भाजता भाजता जिवल्याला टोमणे मारायची. “खाकी गेली दादा, आता लंगोटी घालून पेन्शन खा.” आणि सगळ्यांत मोठी भाकरी त्याच्या ताटात टाकायची. सपाटीवर त्याच आठवड्यात पाड्यानं पालापाचोळा पसरून जाळला, रोपांसाठी. धूर वहाळावरून हळूहळू डोंगरावर चढत होता आणि जिवल्या दारात बसून तो कुठवर जातो ते बघत होता. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याला कुठून बोलावणं यायचं नव्हतं.

पण बोलावणं आलं. पलीकडच्या पाड्यावरची दोन माणसं वाट विचारत आली. खाली बसली, पाणी प्याली, भिंतीवरच्या कागदाकडं चोरून बघितलं. त्यांच्याकडं परवा मोजणी होती.

“तू नुसता येऊन उभा राहा,” त्यातला एक म्हणाला. “साखळी दुसराच धरणार हाय. पण आमच्याकडं डोंगर नाय हां. सगळं सपाट हाय.”

“मग दुसरं कायतरी असंल,” जिवल्या म्हणाला, आणि डोक्याला फडकं बांधायला उठला.